तिसरा अर्ध

यंदा मी फुटबॉलवर लिहिणार आहे असे घरी जाहीर केले, तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात असा हशा पिकला की शेजारच्या काकूंचा चकल्यांचा सोऱ्या मध्येच थांबला. “काय झालं हो?” त्यांनी गॅलरीतून विचारले. “काही नाही, हे फुटबॉलवर लिहितायत,” असे आमच्या सौभाग्यवतींनी सांगितले, आणि मग काकूही हसल्या. त्यांचा हसण्याचा हक्क मला मान्य आहे. चाळिशी केव्हाच ओलांडलेला, चष्म्याशिवाय स्वतःच्या चपला न ओळखणारा, आणि बसमागे धावण्याचा प्रसंग आला तर पुढची बस पत्करणारा मराठीचा प्राध्यापक फुटबॉलवर काय लिहिणार! गेल्या दिवाळीत या सदरात मी लोणच्याच्या बरण्यांवर लिहिले होते. वाचकांची भरभरून पत्रे आली, काहींनी तर पाककृतीच लिहून पाठवल्या. विषय आपल्या आवाक्यातला असला म्हणजे असे होते. पण यंदा एक चेंडू माझ्या डोक्यात येऊन बसला आहे, आणि तो माझा नाही, हीच पंचाईत आहे.

श्रावणातली दुपार होती. पुस्तकांचे पार्सल घेऊन एक तरुण दाराशी आला. अंगात कंपनीचा टी-शर्ट, पाठीवर त्याच्याएवढीच मोठी पिशवी, केसांतून पाणी निथळते आहे. मोबाइलवर आलेला आकडा मी चष्मा शोधून वाचून दाखवीपर्यंत तो माझ्याकडे पाहत उभा होता. मग म्हणाला, “सर, ओळखलं नाही ना?”

वीस वर्षे शिकवणाऱ्या माणसाला या प्रश्नाची सवय असते आणि त्याचे उत्तरही ठरलेले असते. “अरे, तू! ओळखलं की! कुठल्या सालचा तू?” मी म्हणालो.

“मी तुमच्या कॉलेजात नव्हतो, सर,” तो हसून म्हणाला. “तुमच्या कॉलेजच्या ग्राउंडवर होतो. मागच्या भिंतीला भोक होतं बघा. ते बुजवलं ना, त्या दिवशी आमचा बॉल आतच राहिला.”

एवढे बोलून तो जिना उतरून गेलासुद्धा. बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. आपण लहानपणीच्या गोवराची आठवण सांगावी, तशी त्याने ती सांगितली. मी मात्र पार्सल हातात धरून बराच वेळ दारातच उभा राहिलो, कारण ते भोक कसे बुजले हे मला पक्के ठाऊक होते.

आमच्या महाविद्यालयाच्या मैदानामागे एक वस्ती आहे. बारा वर्षांपूर्वी मधल्या भिंतीच्या खालच्या विटा निखळल्या होत्या, आणि दहा-अकरा वर्षांचे पोर पोटावर सरपटत आत येईल एवढी वाट तयार झाली होती. संध्याकाळी पाचनंतर आमचे विद्यार्थी घरी गेले की ही मुले त्या वाटेने येत आणि अंधार पडेपर्यंत खेळत. मग मैदान समितीची सभा भरली. मुले अनवाणी असतात, आरडाओरडा करतात, उद्या कोणाला लागले तर जबाबदारी कोणाची, असे मुद्दे निघाले. गंमत अशी की त्याच वर्षीच्या स्नेहसंमेलनात आमच्या इतिहासाच्या प्राध्यापकांनी १९११ सालच्या मोहन बागानची कथा सांगून टाळ्या घेतल्या होत्या. एकजण सोडून सारा संघ अनवाणी, समोर बूट घातलेली ईस्ट यॉर्कशायर पलटण, आणि तरी दोन विरुद्ध एक गोलांनी शील्ड आपल्याकडे! अनवाणी पाय इतिहासात फार शोभून दिसतात. भिंतीखालून आले की आधी त्यांचा चिखल दिसतो.

मी त्या सभेत काहीच बोललो नाही. मी इतिवृत्त लिहीत होतो. हे काम नेहमी मराठीच्या अध्यापकाकडे येते. त्याला भाषा येते असा एक समज असतो. ‘भोक’ हा शब्द इतिवृत्तात बरा दिसेना, म्हणून मी ‘विवर’ असा शब्द घातला. ‘संरक्षक भिंतीतील सदर विवर तातडीने बुजवण्यात यावे, असे सर्वानुमते ठरले.’ गवंड्याने अर्ध्या दिवसात काम उरकले. पुढच्या सभेच्या इतिवृत्तात आणखी एक ओळ आहे, तीही माझ्याच अक्षरात: ‘मैदानावर सापडलेला एक जुना चेंडू क्रीडाविभागात जमा.’

आता नागपूरची एक हकीकत सांगतो. ती तुमच्यापैकी पुष्कळांना चित्रपटामुळे माहीत असेल. तरी सांगतो, कारण तीही एका महाविद्यालयातल्या शिक्षकाचीच आहे. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात विजय बारसे नावाचे क्रीडाशिक्षक होते. २००१ साली एकदा पावसात ते आडोशाला उभे असताना त्यांना वस्तीतली काही मुले एक फुटकी बादली लाथाडत खेळताना दिसली. त्या रस्त्याने जाणाऱ्या इतरांनीही ती पाहिलीच असतील. मी असतो तर ‘पाऊस आणि बाल्य’ असा एखादा लघुनिबंध मनात जुळवला असता आणि बस आल्यावर बसमध्ये चढलो असतो. बारशांच्या नजरेला आले ते एवढेच की ही मुले खेळताहेत आणि त्यांच्यापाशी चेंडू नाही. त्यांनी चेंडू दिला. मुले मैदानावर असतात तितका वेळ ती व्यसनांपासून आणि भांडणांपासून लांब असतात, हेही त्यांनी पाहिले. मग त्यांनी वस्त्यावस्त्यांच्या संघांची स्पर्धा भरवली, तर पहिल्याच खेपेला १२८ संघ आले. हा आकडा वाचून मी थबकलो. एवढे संघ काही एका जाहिरातीने जन्माला येत नाहीत. ती सारी मुले आपापल्या गल्लीत आधीपासून खेळतच असणार. त्यांना कोणी मोजले नव्हते, इतकेच.

त्या खेळाला बारशांनी नाव दिले ‘झोपडपट्टी फुटबॉल’. माझ्याकडे हे काम आले असते तर मी ‘उदयोन्मुख क्रीडा महोत्सव’ असे काहीतरी सुचवले असते. ‘विवर’ लिहिणाऱ्या माणसाकडून दुसरे काय होणार! बारशांनी मात्र आडनावाला जागून बारसे केले आणि ते अगदी उघड्या शब्दांत केले. पुढे हेच काम ‘स्लम सॉकर’ या नावाने जगभर गेले, आणि २०१६ साली फिफाने विविधतेसाठीचा आपला पुरस्कार या नागपूरच्या संस्थेला दिला.

नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ २०२२ सालच्या मार्चमध्ये आला, तेव्हा आम्ही सहकुटुंब गेलो होतो. बारशांवर बेतलेली भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली आहे. त्या चित्रपटात महाविद्यालय आणि वस्ती यांच्यामध्ये एक भिंत आहे. मी डोळे पुसले, सौ.नेही पुसले, आणि येताना आम्ही मसाला डोसा खाल्ला. पडद्यावरची ती भिंत पाहून मला आमची भिंत एकदाही आठवली नाही, हे इथे लिहून ठेवतो.

फुटबॉलच का, असे मी स्वतःला विचारून पाहिले. माझे सारे बाळपण वाड्यातल्या क्रिकेटमध्ये गेले, म्हणजे गटाराशेजारी क्षेत्ररक्षण करण्यात गेले. बॅट ज्याची त्याची पहिली पाळी, आणि तो बाद झाला की बॅट घेऊन घरी जेवायला. मी चार वर्षे चेंडू गटारातून काढला. पाळी किती वेळा आली ते एका हाताच्या बोटांवर सांगता येईल. क्रिकेटमध्ये पाळी यावी लागते. फुटबॉलमध्ये पाळी नावाची भानगडच नाही. चेंडू मध्ये पडला की वीसही जणांचा झाला, मग जो धावेल त्याचा. दोन चपला टाकल्या की गोल तयार. बॅट नको, यष्ट्या नकोत, पायांना बांधायचे पॅड नकोत. ज्यांच्या घरी रेशनच्या रांगेपासून नळाच्या पाण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीत पाळीची वाट पाहण्यात दिवस जातो, त्यांच्या मुलांना हा खेळ का आवडावा हे मला आता थोडेसे उमगते.

हे सारे मी माझ्या एका स्नेह्याला मोठ्या उत्साहाने सांगितले. ते बँकेत होते. त्यांनी शांतपणे विचारले, “पण यातून खेळाडू किती निघाले?”

प्रश्न वाईट नाही. मैदानाला पैसा लागतो, चेंडू फाटतात, शिकवणाऱ्याला पगार द्यावा लागतो, आणि देणगी देणारा हिशेब मागणारच. गुणी मुले अशा गर्दीतूनच वर येतात, हेही खरे. आमच्या कोल्हापुरात पेठापेठांच्या आणि तालमींच्या संघांचा सामना असला की शाहू स्टेडियम तुडुंब भरते, आणि कोल्हापूरच्या एका रिक्षाचालकाचा मुलगा, अनिकेत जाधव, २०१७ साली भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात देशाकडून खेळला. त्याच निमित्ताने सप्टेंबरात एके दिवशी महाराष्ट्रभर दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा सरकारी उपक्रम होता. आमच्याकडेही तो दणक्यात झाला. पाहुण्यांनी चेंडूला पाय लावला, छायाचित्रे निघाली, मी आभार मानले. भिंतीवर सातआठ डोकी दिसत होती. ती मुले कोणाची, हे मला तेव्हा विचारावेसे वाटले नाही.

तरी माझ्या स्नेह्यांना मी उलट विचारले, “माझ्या बी.ए.च्या वर्गातून आजवर कवी किती निघाले?” ते म्हणाले, “एकही नाही.” इतक्या तत्परतेने म्हणायला नको होते. पण मुद्दा तोच आहे. माझी एक विद्यार्थिनी आज नगरपालिकेत कारकून आहे आणि आलेल्या माणसाला अर्ज समजेल अशा भाषेत सांगते. तिचा हिशेब मी कोणत्या वहीत मांडू?

या बाबतीत एक नियम मला फार विलक्षण वाटला. बेघरांचा एक विश्वचषक आहे, ‘होमलेस वर्ल्ड कप’. २००३ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावी तो पहिल्यांदा भरला. लहानसे अंगण, बाजूला तीन खेळाडू आणि एक गोलरक्षक, सात-सात मिनिटांचे दोन डाव. नागपूरची मुले भारताचा संघ म्हणून तिथे जाऊ लागली. नियम असा की खेळाडूला आयुष्यात एकदाच या स्पर्धेत उतरता येते. कितीही गोल करा, पुढच्या वर्षी तुमची जागा दुसऱ्याची! आपला सर्वोत्तम खेळाडू दरवर्षी आपण होऊन घरी ठेवायचा, अशी दुसरी जागतिक स्पर्धा माझ्या ऐकिवात नाही. २०१० साली रिओला भारताचा कर्णधार होता नागपूरचाच अखिलेश पॉल. आपण गुन्हेगारीच्या वाटेला लागलो होतो आणि फुटबॉलने आपल्याला मागे आणले, असे त्याने २०१४ साली ‘सत्यमेव जयते’ या कार्यक्रमात स्वतःच सांगितले. तो परत रिओला जाणार नव्हता. तो मुलांना शिकवू लागला.

आणि आता तिसरा अर्ध. फुटबॉलला पूर्वार्ध असतो आणि उत्तरार्ध असतो, हे मलाही ठाऊक होते. तीन अर्ध म्हणजे हिशेबाने दीड सामना झाला! पण असा खेळ आहे आणि त्याच्या मुळाशी एक दुःखद गोष्ट आहे. १९९४ सालच्या विश्वचषकात कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबार या बचावपटूकडून चेंडू चुकून आपल्याच गोलात गेला. दहा दिवसांनी मेदेयिन या त्याच्या शहरात त्याला गोळ्या घालून ठार मारण्यात आले. त्या शहरात तेव्हा युर्गेन ग्रिसबेक नावाचा एक जर्मन विद्यार्थी राहत होता. टोळ्यांत सापडलेल्या तरुण मुलांसाठी त्याने १९९६ साली एक नवा फुटबॉल सुरू केला. संघात मुलगे आणि मुली एकत्र. पहिला गोल मुलीनेच करायचा, त्याशिवाय मुलांचा गोल धरायचा नाही. आणि पंच नाही.

पंच नाही म्हटल्यावर काय होईल? सामन्याआधी दोन्ही संघ गोल करून बसतात आणि नियम ठरवतात. हा पहिला अर्ध. मग खेळतात. आणि खेळ संपल्यावर पुन्हा एकत्र बसतात. तू मला ढकललेस का, हात लागला तेव्हा तू कबूल केलेस ते बरे केलेस, असे बोलणे होते, एक मध्यस्थ ऐकत असतो, आणि दोन्ही संघ एकमेकांच्या वागणुकीला गुण देतात. ते गुण गोलांच्या गुणांत मिळवायचे. गोल जास्त करूनही संघ हरू शकतो! जगभरच्या अशा संस्थांतून ही रीत आता पसरली आहे. आमच्या मैदान समितीत ही पद्धत सुरू करावी असा एक विचार मनात येऊन गेला. सभेनंतर सर्वांनी बसून एकमेकांना गुण द्यायचे. मला किती मिळाले असते?

मुलीच्या पहिल्या गोलाचा नियम मी आमच्या कन्येला सांगितला. ती नववीत आहे आणि तासावर भाड्याने मिळणाऱ्या हिरव्यागार टर्फवर, माझ्या खिशाला जाणवेल इतकी फी देऊन, फुटबॉल शिकायला जाते. ती म्हणाली, “बाबा, नियम चांगला आहे. निदान पास तरी देतील!” तिच्या टर्फवर मुलगे तिला पास देत नाहीत, हे मला त्या दिवशी कळले. वस्तीतल्या मुलीला तर मैदानापर्यंत यायलाच दहा अडथळे: धाकट्या भावंडाला कोण सांभाळणार, पाणी कोण भरणार, लोक काय म्हणतील. नागपूरच्या संस्थेत मुलींसाठी वेगळे काम चालते ते यामुळेच. मुलांना बोलवायला चेंडू पुरतो. मुलीला बोलवायचे तर तिच्या आईशी बोलावे लागते, एकदा नव्हे, दहादा.

मुंबईत कफ परेडच्या आंबेडकर नगरात अशोक राठोड या तरुणाने अशीच संस्था उभी केली. तिचे नाव ‘ऑस्कर’. तिथली मुले शाळा सोडून ससून डॉकवर मासळीच्या कामाला लागत. राठोडांचे वडीलही त्याच धक्क्यावर काम करीत. त्यांनी नियम केला: शाळा नाही, तर फुटबॉल नाही. शाळेत जा असे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ओरडत आलो. पण शाळेत गेल्याशिवाय जे मिळणार नाही आणि जे मुलाला खरोखरच हवे आहे असे काहीतरी आधी त्याच्या हाती असावे लागते, हे आमच्या ध्यानात आले नव्हते.

असो. तो पार्सलवाला तरुण पुन्हा भेटावा म्हणून मी मुद्दाम पुस्तके मागवली. दर वेळी दुसराच कोणी येई. चौथ्या खेपेला तो आला. सौ.चा असा समज झाला आहे की माझे वाचन वाढले. तोवर मी आमच्या क्रीडाविभागात जाऊन आलो होतो. चेंडू सापडला नाही. साठा-नोंदवहीत त्याची नोंद मात्र सापडली: ‘चेंडू, जुना, नग एक, निर्लेखित.’ मग मी दुकानात जाऊन नवा चेंडू आणला. दुकानदाराने “टर्फवर खेळायचा की मातीत?” असे विचारले. चेंडूतही असा भेद असतो हे मला नवीनच होते. “मातीत,” मी म्हणालो.

नुसता चेंडू देऊन भागणार नव्हते. तो खेळायचा कुठे? मी समितीपुढे अर्ज ठेवला, की रविवारी चार ते सहा मागचे फाटक वस्तीतल्या मुलांसाठी उघडावे. जुनेच मुद्दे निघाले. इतिवृत्त मीच लिहीत होतो, पण या वेळी मध्येच लेखणी खाली ठेवून बोललो, आणि फार वाईट बोललो; वर्गात तासभर न अडखळणारा मी तिथे दोनदा अडखळलो. शेवटी प्राचार्य म्हणाले, “ठीक आहे, तीन महिने पाहू. पण महाविद्यालयाचा एक कर्मचारी तिथं हजर हवा. कोण थांबणार दर रविवारी?” सभा एकदम शांत झाली. रविवार संध्याकाळ! कोणाला लग्नाला जायचे असते, कोणाला नातवंडे असतात. नागपुरातल्या त्या गृहस्थांनी चेंडू एकदाच दिला, पण उभे किती संध्याकाळी राहिले असतील, याचा विचार मी तोवर केला नव्हता. फाटकाची किल्ली आता माझ्या टेबलाच्या खणात आहे.

दारात उभ्या त्या तरुणाला मी हे सारे सांगितले आणि चेंडू पुढे केला. त्याने तो दोन्ही तळव्यांमध्ये दाबून पाहिला, एकदा जमिनीवर आपटला. “हवा जास्त झालीय, सर,” तो म्हणाला. रविवारी दुपारनंतर तो मोकळा असतो. वस्तीतल्या मुलांना तो घेऊन येईल. त्याची धाकटी बहीणही खेळते म्हणे, भावापेक्षा बरी.

“पण सर, तुम्ही तिथं काय करणार?” त्याने जरा काळजीने विचारले.

“तेच तर. मला तो ऑफसाइड म्हणजे काय, तेसुद्धा अजून कळत नाही,” मी म्हणालो.

“आमच्यात ऑफसाइड नसतो, सर,” तो म्हणाला, आणि पुढचे पार्सल द्यायला जिना उतरून गेला.